वेस्टरॉसचे नाइट, त्यांच्या ढाली आणि तिथली जादू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'गेम ऑफ थ्रोन्स' ही सिरीज बघून झाली की नाइट, शपथा, घराण्यांची चिन्हं आणि जादू यांबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही वेस्टरॉस या काल्पनिक देशातली पुस्तकमालिका आणि डंक-एगच्या (डंक हा भटका नाइट, एग हा त्याचा स्क्वायर) कथा, मुख्यतः एवढ्यांबद्दलच बोललोय, सिरीजचा उल्लेख फक्त अधूनमधून. बरीच गुपितं फुटणार आहेत, त्यामुळे अजून काहीच वाचलं-बघितलं नसेल तर फक्त पहिला आणि शेवटचा प्रश्न वाचा आणि बाकीचं नंतरसाठी ठेवा.

नाइट व्हायला मोठ्या घरात जन्म घ्यावा लागतो का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लॉर्डपद बापाकडून मुलाकडे येतं, नाइटपद तसं येत नाही, राजाचा मुलगासुद्धा जन्मतः नाइट नसतो, त्याला ते मिळवावं लागतं. आणि राजधानीतल्या फ्ली बॉटमसारख्या गरीब वस्तीतला अनाथ पोरगाही नाइट होऊ शकतो, नियम आडवा येत नाही. पैसा मात्र आडवा येतो, कारण लढाईचा घोडा, चिलखत, भाले आणि शिकवायला कोणीतरी हे सगळं लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक नाइट खात्यापित्या घरचेच दिसतात. आधी एखाद्या नाइटकडे स्क्वायर (म्हणजे शिकाऊ सेवक) म्हणून राहायचं, त्याचं चिलखत घासायचं, घोडे बघायचे, मार खात खात शिकायचं आणि मग कधीतरी गुडघ्यावर बसायची वेळ येते.

नाइट बनवतात कसं? राजाच लागतो का?

राजा लागत नाही. कुठलाही नाइट दुसऱ्या कुणालाही नाइट करू शकतो, आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेतला हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. थाटात करायचं तर आदल्या रात्री सेप्टमध्ये, म्हणजे सात देवांच्या देवळात, जागरण, सात तेलांनी अभिषेक, मग खांद्यांवर तलवार टेकवून सात देवांच्या नावाने शपथ : योद्ध्याच्या नावाने शूर राहा, पित्याच्या नावाने न्यायाने वाग, मातेच्या नावाने लहानांचं आणि निरपराधांचं रक्षण कर, असं पुढे. घाई असेल तर रणांगणावर चिखलात बसवून दोन मिनिटांत होतं, आणि तेही तेवढंच खरं मानतात. आता यातली मेख बघा, रजिस्टर नाही, सर्टिफिकेट नाही, साक्षीदार मेला की पुरावा संपला. म्हणजे एखादा माणूस नाइट आहे हे शेवटी त्याच्या शब्दावर आणि वागण्यावरच ठरतं. मार्टिननी या एका फटीतून केवढ्या गोष्टी काढल्यात!

मग डंक खरंच नाइट आहे का?

बहुतेक नाही. पुस्तकात स्पष्ट कुठेच म्हटलेलं नाही, पण खुणा भरपूर आहेत.

डंकला वाढवणारा म्हातारा हेज नाइट, सर अर्लन ऑफ पेनीट्री, अॅशफर्डच्या टूर्नामेंटला जाताना वाटेतच थंडी भरून मरतो. (हेज नाइट म्हणजे ज्याला जमीन नाही, धनी नाही, रात्र पडेल तिथे झुडपाआड झोपणारा नाइट.) डंक त्याला पुरतो, त्याची तलवार आणि घोडे घेतो आणि पुढे जाऊन सांगतो की मरायच्या आधी म्हाताऱ्याने मला नाइट केलं. साक्षीला कोण होतं? तर काटेरी झाडावरचा एक पक्षी. पुढे डंकवर न्यायाची लढाई लढायची वेळ येते, तेव्हा रेमन फॉसोवे नावाचा तरुण स्क्वायर ऐन वेळी त्याला म्हणतो, मला नाइट कर, मी तुझ्या बाजूने लढतो. कुठलाही नाइट हे करू शकतो, तरी डंक घुटमळतो आणि शेवटी लायोनेल बराथियन पुढे होऊन रेमनला नाइट करतो. डंक का घुटमळला, हे लेखक सांगत नाही. तो प्रसंग पुन्हा वाचा, तिथे डंकच्या मनात काय चाललं असेल ते कळतं आणि पोटात कालवतं.

आणि हाच पोरगा त्या मैदानावर सगळ्यात खरा नाइट ठरतो. राजपुत्र एरियन कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या टॅन्सेलची बोटं मोडतो, का तर तिच्या खेळात ड्रॅगन मरतो आणि ड्रॅगन हे त्याच्या घराण्याचं चिन्ह. अभिषेक झालेले कितीतरी नाइट त्या गावात आहेत, पण राजपुत्राला लाथ घालतो तो डंक. त्यावरूनच सात विरुद्ध सात अशी ती न्यायाची लढाई होते, डंकच्या बाजूला माणसं कमी पडतात, तेव्हा गादीचा वारस बेलर स्वतः त्याच्या बाजूने उतरतो आणि सख्ख्या भावाच्या गदेचा घाव डोक्यात बसून मरतो. एका रस्त्यावरच्या पोराचा हातपाय वाचावा म्हणून भावी राजा गेला, हे परवडलं का, हा प्रश्न डंक स्वतःलाच विचारत राहतो. मला विचाराल तर पुढच्या सगळ्या कथा त्याच प्रश्नाचं उत्तर शोधतात.

हाउंडला नाइट म्हटलं की तो एवढा का भडकतो?

कारण त्याने नाइटपद आतून बघितलंय. हाउंड म्हणजे सँडर क्लेगेन, तो लहान असताना थोरल्या भावाचं, ग्रेगरचं, एक खेळणं उचलून खेळत बसतो, ग्रेगर काही बोलत नाही, त्याला काखेत धरतो आणि त्याचं तोंड पेटत्या निखाऱ्यांत दाबतो. बापाने लोकांना सांगितलं की पोराच्या अंथरुणाला आग लागली. चार वर्षांनी त्याच ग्रेगरला सात तेलांचा अभिषेक होतो, तो सगळी शपथ घडाघडा म्हणतो आणि प्रत्यक्ष युवराज ऱ्हेगार त्याच्या खांद्यावर तलवार टेकवतो.

ते खेळणं कसलं होतं माहितीये? लाकडी नाइट. रंगवलेला, सांधे हलणारा, दोऱ्या ओढल्या की लढणारा. पहिल्या पुस्तकात हे एवढं सहज येऊन जातं की पहिल्या वाचनात निसटतं.

म्हणून सँडर कधीच शपथ घेत नाही. राजा जॉफ्री त्याला किंग्जगार्डमध्ये (राजाच्या अंगरक्षकांत) घेतो तेव्हासुद्धा तो नाइट न होताच पांढरा झगा घालतो. आणि मग भर दरबारात नेड स्टार्कच्या लेकीला, सान्साला, मारायचा हुकूम सुटतो तेव्हा तिच्यावर हात उचलतात ते शपथ घेतलेले नाइट, आणि पुरे झालं असं म्हणतो तो हाउंड. तो सज्जन आहे असं मी अजिबात म्हणत नाही, खाटकाच्या पोराला त्यानेच घोड्यावरून पाठलाग करून कापलंय, ते विसरून चालणार नाही. पण शपथ न घेतलेला माणूस कुठे थांबतो आणि घेतलेले कुठे थांबत नाहीत, हा फरक लेखकाने मुद्दाम दाखवलाय.

जेमीने राजाला मारलं ते बरोबर की चूक?

जेमी लॅनिस्टर हा राजा एरिसचा शपथ घेतलेला अंगरक्षक, म्हणजे शपथ मोडली हे नक्की. आणि लाखो लोक वाचले हेही नक्की, कारण एरिसने शहराखाली ठिकठिकाणी वाइल्डफायर (भडकलं की विझवता न येणारं द्रव्य) पुरून ठेवलं होतं आणि हरणार असं दिसल्यावर अख्खी राजधानी जाळायचा हुकूम दिला होता. जेमी तेव्हा १७ वर्षांचा होता.

मला त्याहून जास्त लागतं ते चौथ्या पुस्तकातलं एक आठवण सांगणारं पान. राणीच्या खोलीच्या दाराबाहेर जेमी आणि जॉन डॅरी पहाऱ्यावर आहेत, आतून तिच्या किंकाळ्या येतायत, आत राजाच आहे. जेमी म्हणतो, राणीचं रक्षण करायचीही आपली शपथ आहे ना? डॅरी म्हणतो, आहे, पण राजापासून नाही. बस. सगळं कायद्याने बरोबर आहे आणि दारापलीकडे बाई ओरडतेय.

राजाचं ऐक, बापाचं ऐक, दुबळ्यांना सांभाळ, देवांचा मान राख, आणि हे सगळं एकमेकांच्या विरुद्ध गेलं तर काय करायचं? महाभारत ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे नवीन नाही, सिंहासनाशी बांधलेला भीष्म भरसभेत द्रौपदीची विटंबना बघत बसला तो याच पेचात. फरक एवढाच की जेमीने शपथ मोडली आणि जन्मभर किंगस्लेयर हे नाव कपाळावर घेऊन फिरला, आणि वाइल्डफायरचं कारण त्याने वर्षानुवर्षं कुणाला सांगितलंही नाही. सांगतो ते ब्रिएनला, नाइटसारखी लढणाऱ्या बाईला, हॅरनहॉल किल्ल्याच्या हमामात, हात तुटल्यावर.

किंग्जगार्ड म्हणजे काय आणि पांढरंच का?

राजाचे सात अंगरक्षक. पहिला टारगेरियन राजा एगॉन याची बहीण आणि राणी व्हिसेनिया हिने ही व्यवस्था लावली, शपथ नाइट्स वॉचच्या (उत्तरेची मोठी भिंत राखणाऱ्यांच्या) धर्तीवर : लग्न नाही, जमीन नाही, मुलं नाहीत, मरेपर्यंत नोकरी. पांढरा झगा, पांढरी ढाल, म्हणजे स्वतःच्या घराण्याचं चिन्ह पुसून टाकायचं. त्यांच्या मनोऱ्यात एक मोठं पुस्तक आहे, त्यात प्रत्येकाच्या नावाचं पान, कमांडरने त्यांचे पराक्रम लिहायचे. जेमी कमांडर झाल्यावर ते उघडतो तेव्हा बॅरिस्टन सेल्मीचं पान भरलेलं आणि त्याचं स्वतःचं जवळजवळ रिकामं दिसतं. सिरीजच्या शेवटच्या भागात ते पान ब्रिएन पूर्ण करते. त्या सीझनबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत, माझ्याही आहेत, पण तो प्रसंग मला मनापासून पटला.

ब्रिएन पुस्तकात नाइट आहे का?

अजून नाही. सिरीजमध्ये आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात जेमी तिला नाइट करतो (कुठलाही नाइट करू शकतो, तोच नियम), पण पाचव्या पुस्तकापर्यंत तसं झालेलं नाही. लोक तिला 'सर' म्हटलं की ती दरवेळी नाकारते.

पण तिच्या ढालीची गोष्ट ऐका. तिची स्वतःची ढाल गेलेली असते, जेमी तिला हॅरनहॉलमधली एक देतो, तिच्यावर लॉथस्टन घराण्याचं वटवाघूळ. ते घराणं बदनाम, त्यामुळे वाटेत लोक ढाल बघून तोंड वाकडं करतात. मग डस्कनडेल गावात ती ढाल पुन्हा रंगवून घेते आणि काय काढायला सांगते? मावळतीच्या रंगावर एल्मचं झाड आणि वर तुटता तारा. लहानपणी वडिलांच्या शस्त्रागारात एका जुन्या ढालीवर तिने ते बघितलं होतं आणि तिला ते फार आवडायचं. ते चित्र कुणाचं, ते तिला माहीत नाही. आपल्याला माहितीये, कारण साधारण नव्वद वर्षांपूर्वी अॅशफर्डच्या माळावर टॅन्सेलने ते डंकच्या ढालीवर काढलं होतं. बहुतेक नाइट नसलेल्या माणसाचं चिन्ह, नाइट होऊ न दिलेल्या बाईच्या हातात. दोघांचाही अभिषेक नाही आणि दोघंही शपथेतला शब्द न् शब्द पाळतात. दोन वेगळ्या पुस्तकांत, एकही वाक्य जास्तीचं न लिहिता हे साधलंय, आणि म्हणूनच मला ही मालिका एवढी प्रिय आहे.

एवढी चिन्हं लक्षात कशी ठेवायची? आणि त्यांना काही अर्थ असतो का?

सगळी पाठ करायची गरज नाही. स्टार्कचा राखाडी डायरवुल्फ, लॅनिस्टरचा सोनेरी सिंह, बराथियनचं मुकुटधारी हरीण, टारगेरियनचा तीन तोंडांचा लाल ड्रॅगन, टलीचा मासा, एवढ्यावर पहिलं पुस्तक निभतं.

अर्थ मात्र असतोच. सुरुवातीलाच बर्फात मेलेली डायरवुल्फची मादी सापडते, तिच्या गळ्यात हरणाचं तुटलेलं शिंग रुतलेलं आणि शेजारी पिल्लं. स्टार्क म्हणजे लांडगा, राजा रॉबर्टचं घराणं म्हणजे हरीण. पुढे काय होणार ते सगळं तिथेच पडलंय, आणि बघणारे गप्प होतात कारण त्यांनाही ते जाणवतं.

मला छोट्या घराण्यांची चिन्हं जास्त आवडतात. क्लेगेनचे पिवळ्यावर तीन काळे कुत्रे : त्यांचा आजोबा लॅनिस्टरांच्या कॅस्टर्ली रॉक गडावर कुत्री सांभाळायचा, सिंहिणीने लॉर्डवर झडप घातली तेव्हा त्याने कुत्री सोडली, तीन कुत्री मेली, त्याचा पाय गेला, आणि बक्षीस म्हणून जमीन मिळाली. पिवळा रंग म्हणजे ते वाळलेलं गवत. नाहीतर डाव्होस बघा. वेढ्यात उपाशी मरणाऱ्या गढीत त्याने चोरवाटेने कांदे आणि खारवलेले मासे पोचवले, ती गढी लढवणाऱ्या स्टॅनिसने (राजा रॉबर्टच्या भावाने) त्याला नाइट केलं आणि आधीच्या स्मगलिंगची शिक्षा म्हणून डाव्या हाताच्या चार बोटांची टोकंही कापली. डाव्होसने आपल्या चिन्हात जहाजाच्या शिडावर कांदा घेतला, लोक हसले तरी बदलला नाही, आणि बोटांची हाडं पिशवीत घालून गळ्यात बांधली.

उत्तरेत नाइट एवढे कमी का?

नाइटपद सात देवांच्या धर्माशी बांधलेलं आहे आणि उत्तरेचे लोक जुन्या देवांना, म्हणजे वियरवुडच्या झाडांना मानतात. म्हणून नेड स्टार्क एवढा मोठा लॉर्ड असून 'सर' नाही. व्हाइट हार्बरचे मँडर्ली सात देव मानतात, तर तिथे नाइट सापडतात.

यात जादू आहे कुठे? पहिलं पुस्तक संपत आलं तरी दिसत नाही.

दिसते, अगदी पहिल्याच प्रकरणात भिंतीपलीकडे, पण मग ती लपते. मार्टिन जादू जपून वापरतात आणि तिचे नियम कुठेच नीट सांगत नाहीत, तुम्हाला सिस्टीमवाली फँटसी आवडत असेल, इतकी शक्ती खर्च केली की इतका परिणाम वगैरे, तर इथे ती मिळणार नाही. एक गोष्ट मात्र पक्की, जादू फुकट मिळत नाही. परागंदा टारगेरियन राजकन्या डनेरिस हिचे ड्रॅगन जन्मतात ते चितेत, नवरा आणि मूल गमावल्यावर, आणि त्या चितेवर मिरी माझ डूर ही मांत्रिकीण जिवंत बांधलेली असते.

बेरिक डोंडॅरियन परत परत जिवंत कसा होतो?

थोरॉस नावाचा लाल पुजारी त्याला सहा वेळा परत आणतो, आणि दर वेळी तो थोडा थोडा कमी होऊन येतो. जखमा तशाच राहतात, आठवणी गळतात. आपला किल्ला कुठे होता ते त्याला सांगता येत नाही, जिच्याशी लग्न ठरलं होतं तिच्या केसांचा रंग आठवत नाही, आणि मग तो थोरॉसला विचारतो की मला नाइट कुणी केलं होतं? तेही पुसलं गेलंय. तरी शपथ चालू आहे. नेडने राजाच्या नावाने त्याला ग्रेगरला पकडायला पाठवलं होतं, नेड मेला, राजा मेला, हुकमाला आता काही अर्थ उरला नाही, तरी हा माणूस गावकऱ्यांना वाचवत फिरतोय आणि स्वतः लोकांना नाइट करतोय, लोहाराकडचा गेंड्रीही त्यातलाच. तिसरं पुस्तक वाचताना त्या गुहेतली प्रकरणं सावकाश वाचा, प्लीज.

आणि रॉबर्ट स्ट्राँग कोण?

पुस्तकात नाव घेऊन सांगितलेलं नाही, पण सगळ्यांचा अंदाज एकच, ग्रेगर, किंवा त्याचं जे काही उरलंय ते, कायबर्न नावाच्या वैद्याने काळी विद्या वापरून उभं केलेलं. प्रचंड अंगाचा, बोलत नाही, जेवत नाही, शिरस्त्राण काढत नाही, आणि अंगावर किंग्जगार्डचा पांढरा झगा. मौनाची शपथ घेतलीय असं लोकांना सांगितलं जातं. बेरिकच्या शेजारी याला ठेवून बघा. दोघंही मरून उठलेले. एकाची आठवण गेली पण शब्द राहिला, दुसऱ्याकडे फक्त चिलखत आहे आणि हुकूम ऐकणं आहे. राजाला नुसती आज्ञा पाळणारा नाइट हवा असेल तर शेवटी तो असाच दिसणार. सँडरच्या त्या दोऱ्यांच्या खेळण्यापासून सरळ रेषा इथे येते, असं मला वाटतं.

'आइस' तलवारीचं काय झालं?

नेडची पिढीजात तलवार, व्हॅलिरियन पोलादाची. तिनेच त्याचं डोकं उडवलं गेलं, मग लॅनिस्टरांच्या प्रमुखाने, टायविनने, ती वितळवून दोन तलवारी करून घेतल्या. लोहार टोबो मॉटला पात्यात लॅनिस्टरांचा लाल रंग भरायचा होता, पण पोलाद तो रंग नीट घेईना, काळसरच राहिलं. जुन्या तलवारींना आठवण असते आणि त्या सहज बदलत नाहीत, अशा अर्थाचं तो म्हणतो. त्यातली एक जेमी ब्रिएनला देतो, सान्साला शोधायला. म्हणजे नेडच्याच पोलादाने नेडच्या लेकीचं रक्षण.

खऱ्या इतिहासातलं किती आहे?

बरंच. स्टार्क-लॅनिस्टर भांडणामागे इंग्लंडमधली वॉर्स ऑफ द रोझेस (१४५५ ते १४८७) आहे, यॉर्क आणि लँकेस्टर. भिंतीची कल्पना मार्टिनना १९८१ मध्ये हॅड्रियनच्या भिंतीवर उभं राहून सुचली. रेड वेडिंगमागे (तिसऱ्या पुस्तकातलं लग्नातलं हत्याकांड) स्कॉटलंडमधलं १४४० चं ब्लॅक डिनर आणि १६९२ चं ग्लेन्को हत्याकांड आहे, हे त्यांनीच सांगितलंय.

टूर्नामेंटचंही तसंच. हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, सोडवायचं तर पैसे मोजा, हा खरा मध्ययुगीन रिवाज. बाराव्या शतकात विल्यम मार्शल नावाचा धाकटा, जमीन नसलेला मुलगा अशाच खंडणीवर वर आला आणि पुढे इंग्लंडचा कारभार त्याच्या हातात आला. आपल्याकडे जत्रेच्या कुस्तीच्या फडात गरीब घरचा पैलवान नाव काढतो तसंच, फक्त इथे हरलात तर घोड्यासकट सगळं जातं. चर्चने ११३० मध्येच या खेळांवर बंदी घातली होती, कुणी फारसं ऐकलं नाही.

शाळकरी मुलांना द्यावं का?

मोठी मालिका नको. हिंसा आहे, बलात्कार आहेत, आणि ते सगळं तपशिलाने आहे. कॉलेजला गेल्यावर वाचू देत.

सहावं पुस्तक कधी?

तारीख नाही. पाचवं २०११ ला आलं, 'द विंड्स ऑफ विंटर' अजून बाजारात नाही. त्यासाठी वाचायचं थांबू नका, आहेत त्या पाच पुस्तकांत पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात कुठून करू?

नाइट, शपथा, ढाली यांची ओढ असेल तर १९९८ ची 'द हेज नाइट' ही कथा आधी वाचा. लहान आहे, शनिवार-रविवारात संपते, आणि मोठ्या मालिकेतलं काहीही माहीत असायची गरज नाही. ती आणि पुढच्या दोन कथा 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स' या नावाने २०१५ ला एकत्र निघाल्या, तोच खंड घ्या. मग १९९६ चं पहिलं पुस्तक, 'अ गेम ऑफ थ्रोन्स', आणि पुढे क्रमाने. सिरीज आधी बघितली असेल तरी पहिल्या पुस्तकापासूनच सुरू करा, मधून उडी मारू नका, आणि वाचताना कुणाच्या ढालीवर काय आहे हे लेखक सांगत असेल तर ती ओळ गाळू नका.